माझ्या नावाची एकवीस वर्षं

४ जून

आज नोंदणी परिषदेच्या खिडकीवर एका कारकुनाने मला विचारलं, "मग बाई, तुम्ही कोण?"

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. छापखान्यात मुद्रितं तपासते, कामगारांच्या सभांमध्ये बोलते, आणि मी फाटकासमोर उभी राहिले की मालकाची गाडी मागच्या दाराने निघते. लोक मला तोफ म्हणतात. मी कोण, हा प्रश्न मला या शहरात आजवर कोणी विचारलेला नव्हता.

काम साधं होतं. कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी नवी प्रशिक्षण संस्था निघते आहे आणि तिथे व्याख्यात्याची जागा आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी याच विषयाचं प्रशिक्षण घेतलं होतं. शाळेत नोकरी कधी केली नाही, पण परिषदेत नोंद झाली होती. त्या नोंदीचा चालू दाखला हवा होता. अर्जाची मुदत ऑक्टोबरअखेर. बोलण्यासाठीच जन्माला आलेल्या बाईला उतारवयात बोलण्याचीच नोकरी मिळणार, म्हणून मी नवी साडी नेसून गेले होते.

कारकुनाने क्रमांक घातला. "ही नोंदणी चालू आहे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालंय. या बाई मुख्याध्यापिका आहेत." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नाव माझं, जन्मतारीख माझी, वडिलांचं नाव माझ्या वडिलांचं. फोटो कुणा परक्या बाईचा.

"हा फोटो माझा नाही," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. मग बाई, तुम्ही कोण?"

मागे रांग होती. मी हजारोंसमोर बोलले आहे. आज तोंडातून "मी" एवढंच निघालं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि कुठल्याही गोष्टीकडे तो आधी डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून बघतो. म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. आयत्या नावावर पहिल्यांदाच."

मग थोड्या वेळाने, "पण बिळात कोणी राहत नव्हतं, हेही खरं."

मी त्याच्याशी बोलत नाहीये.

५ जून

वकीलबाईंकडे गेले. शिंप्याच्या दुकानावर एक खोली, खालून मशीनचा आवाज. मी सुरुवात केली, "ही चोरी केवळ एका नावाची नाही. ज्या समाजात माणसाची ओळख कागदावर..."

"भाषण मी करीन, त्याचंच मला मिळतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तारखा सांगा."

तारखा सांगितल्या. त्यांनी लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "वाटा तीन. पहिली पोलिसांची. खोटे कागद, तोतयेगिरी. पण तक्रार दाखल झाली की खटला सरकारचा. उद्या तुम्हाला वाटलं आता पुरे, तरी तुमच्या हातात राहत नाही. दुसरी दिवाणी कोर्टाची. मी ती मीच, असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं, तिला नाव वापरायला मनाई, वर नुकसानभरपाई. वाट पक्की, पण लांब. केस पिकतील."

"पिकलेत."

"मग गळतील. तिसरी परिषदेची. नोंद त्यांची, चूक त्यांची, दुरुस्तीही त्यांनीच करायची. ही जवळची वाट."

"तिन्ही करू."

"करता येतील. पण आधी ठरवा, तुम्हाला हवंय काय? नाव परत हवंय, की ती बाई आत गेलेली हवीय?"

"न्याय हवाय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अर्जात तसा रकाना नसतो."

दोन कामं आजच करायला सांगितली. परिषदेला आणि पोलीस ठाण्याला नुसतं लेखी कळवायचं की माझ्या नावाने दुसरं कोणी वावरतं आहे, आणि त्या पत्राच्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायचा. म्हणजे पुढे तिने काहीही केलं तरी ते माझ्या गळ्यात पडणार नाही. दुसरं, तिच्या नोंदणीतल्या प्रत्येक कागदाची प्रमाणित प्रत मागायची. "आणि तिला भेटायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात."

निघताना विचारलं, "तुमचं मूळ प्रमाणपत्र कुठाय?"

मी अभिमानाने सांगितलं. आमच्या महाविद्यालयात खुणांना बंदी होती. ऐकू न येणाऱ्या मुलांनी ओठ वाचूनच शिकायचं, हात हलवला की पट्टी. प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी मी व्यासपीठावर चढले, माइक घेतला, अर्धा तास बोलले, प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि सभागृहातून चालत बाहेर पडले. टाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या.

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. "म्हणजे टाकून आलात."

"निषेध म्हणून ठेवून आले."

"समोरचा वकील त्याला टाकणंच म्हणेल."

९ जून

प्रती मिळाल्या. सत्तावीस पानं. सत्तावीस वेळा माझी सही.

माझी सही कोंबडीने उकरल्यासारखी आहे. बँकेने ती तीनदा परत पाठवली आहे. तिने केलेली माझी सही बघावी. पहिलं अक्षर ताठ, मग सगळी एका रांगेत चालत जातात, आणि शेवटी खाली एक छोटी रेघ, कोणी दार हळू लावून घ्यावं तशी. वर्षानुवर्षं बदललेली नाही. मी माझं नाव इतक्या मायेने कधी लिहिलेलं नाही.

शेवटच्या पानावर गौरवपत्र आहे. सहा वर्षांपूर्वीचं. उत्कृष्ट शिक्षिका म्हणून माझी निवड झाली होती. मला कोणी कळवलं नाही.

१३ जून

भेटायचं नाही असं सांगितलं होतं. बघायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही.

बसने तीन तास. छापखान्यातून पाठ्यपुस्तकांची मागणी घ्यायला आले आहे, असं फाटकावर सांगितलं. बैठी इमारत, आवारात झोपाळा, भिंतीवर हातांच्या आकृत्या. कार्यालयाच्या दारावर पितळी पाटी. पाटीवर मी.

शिपाई वयस्क आणि बोलका होता. शाळेत बोलायला कोणी मिळत नसावं. "बाई वर्गात आहेत. बसा. त्या वर्गात असल्या की लाटसाहेब आला तरी थांबतो."

मी बसले नाही. खिडकीतून पाहिलं. पंधरा-सोळा मुलं अर्धगोलात, आणि मध्ये ती. बुटकी, साधी, केस घट्ट बांधलेले, हनुवटीवर मोठा तीळ. मी रस्त्यात पाहिली असती तर दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. ती पुराची गोष्ट सांगत होती. बोटांनी पाणी चढत होतं, मनगटावर एक घर होतं, घर हललं, छपरावर एक मांजर. मांजराला मी खरंच पाहिलं. मुलं पुढे सरकत सरकत तिच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. कसलाही आवाज नव्हता. मी आयुष्यात सभा जिंकल्या आहेत, पण लोक खुर्च्या पुढे ओढत आले आहेत असं कधी झालेलं नाही. उठून गेलेले पुष्कळ आहेत.

मी शिपायाला विचारलं, "मुलं यांना काय म्हणतात?"

त्याने हनुवटीला बोट लावून दाखवलं. "असं. तिळावरून. दारावरचं नाव साहेबलोकांसाठी. आत ते कोण घेतंय?"

परतीच्या बसमध्ये मी रागाची कारणं शोधत होते. ती पुष्कळ सापडली. ती खोटारडी आहे. ती कायद्याची गुन्हेगार आहे. तिने माझी जागा घेतली. मग मनात आलं, की ती वाईट शिकवत असती तर मला किती बरं वाटलं असतं. हे वाक्य लिहून ठेवते आहे, कारण वही माझीच आहे. वकीलबाईंना सांगणार नाही.

१६ जून

परिषदेकडे तक्रारअर्ज दिला. पोलिसांचाही मसुदा तयार आहे, सही बाकी. वकीलबाई म्हणाल्या, "त्यावर सावकाश करा. ती शाई पुसत नाही."

२२ जून

परिषदेची नोटीस तिला पोचली असणार. छापखान्यात सगळ्यांना कळलं आहे. खिळे जुळवणारा आमचा जुळारी म्हणाला, "तोफताई, तुमची नक्कल काढली म्हणजे तुम्ही मोठ्या झालात. खोटी नोट पाचशेची काढतात, सुट्ट्या पैशाची काढत नाही कोणी." मी हसले. पण मनात म्हटलं, इथे खोटीच नोट चलनात आहे आणि खरी कपाटात पडून.

२८ जून

हे नीट लिहायला हवं.

संध्याकाळी सभेहून आले तर दारात परक्या चपला. आतून सासूबाईंचं हसू. त्या ब्याऐंशीच्या आहेत. ऐकू फार कमी येतं. मी त्यांच्याशी ओरडून बोलते, त्या "हो हो" म्हणतात, आणि दोघींनाही माहीत असतं की काही पोचलेलं नाही. त्या अशा हसलेल्या मी वर्षभरात ऐकल्या नव्हत्या.

समोर ती बसली होती. खुर्ची ओढून, उजेड स्वतःच्या तोंडावर पडेल अशी. एकेक शब्द सावकाश बोलत होती, हातांनी जोड देत होती.

"आलीस का," सासूबाई म्हणाल्या. "किती गोड बोलते गं तुझी मैत्रीण. मला सगळं ऐकू येतंय. तुझ्यासारखी खेकसत नाही."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि शहाणपणाने आत गेला.

मी तिला बाहेरच्या खोलीत नेलं. "तुम्ही इथे यायला नको होतं. माझ्या वकिलांनी मनाई केली आहे."

"माझ्यापण," ती म्हणाली. "पण ताई, एकदा तुम्हाला बघायचं होतं. एकवीस वर्षं तुमचं नाव सांगते आहे, तोंड विसरत चालले होते."

"म्हणजे तुम्ही मला पाहिलं होतं?"

"मी तिथंच झाडू मारायचे. महाविद्यालयाच्या सराव शाळेत. माझा भाऊ त्याच शाळेत होता, त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्याकडून खुणा शिकले. मुलं माझ्याशी कोपऱ्यात बोलायची, बाईंना दिसणार नाही असं. तुम्ही भाषण केलंत तेव्हा मी दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, ज्याला या मुलांशी बोलता येतं तोच शिक्षक. हा कागद कोणाला शिक्षक करत नाही, ज्याला येतं त्याने हा उचलावा."

मला आठवलं. शेवटचं वाक्य तिथेच सुचलेलं होतं. त्यालाच टाळ्या पडल्या होत्या.

"ते बोलण्याच्या ओघात होतं," मी म्हणाले.

"मला ते माहीत नव्हतं. मी भाषणं कुठं ऐकलेली." ती खाली बघत होती. "दुसऱ्या दिवशी सभागृह झाडायला गेले, तर कागद टेबलावरच. तो मी तुमच्यासाठी जपून ठेवला. चार महिने. तुम्ही आला नाहीत. मग या शाळेला कोणीच मिळत नव्हतं. मी गेले. चूक केली, ताई. ते मी परिषदेतही सांगणार आहे. वकील म्हणतात नाकबूल करा. मी नाही करणार."

"मग इथे कशाला आलात?"

"पोलिसांत जाणार असाल तर परीक्षा संपेपर्यंत थांबाल का, एवढं विचारायला. दहावीची आठ मुलं आहेत."

तिने उत्तराची वाट पाहिली, मग सासूबाईंच्या पाया पडून गेली. सासूबाई मला विचारतात, "परत कधी येणार ती?"

२९ जून

रात्रभर उत्तरं सुचत होती, एकाहून एक. ती समोर असताना एक सुचलं नाही. मला सर्वात जास्त काय झोंबलं, तर ते भाषण तिने तोंडपाठ ठेवलं आहे आणि मी विसरले होते. माझा सगळ्यात चांगला श्रोता माझाच चोर निघावा.

७ जुलै

परिषदेच्या कारकुनाने बोलावलं होतं. आता फार आदराने बोलतो. म्हणाला, "बाई, एक सुचवू? नोंद तुमची सिद्ध झाली की तिच्याखाली जे जे आहे ते तुमचंच. एकवीस वर्षांची सेवा, ज्येष्ठता, गौरवपत्र. फोटो बदलायचा, बस. संस्थेच्या जागेला अनुभव मागितलाय. तुमच्याकडे तो आहे, कागदोपत्री."

मी हसून उडवून लावायला हवं होतं. बसस्टॉपपर्यंत मी ते गौरवपत्र बैठकीच्या खोलीत कुठे लावायचं ते ठरवत होते. नाव माझंच आहे की त्यावर.

८ जुलै

वकीलबाईंना विचारलं, म्हणजे दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तसं विचारलं.

त्यांनी चष्मा वर केला. "न केलेली नोकरी आपली म्हणून सांगायची. याला काय म्हणतात, तुम्हीच अर्जात लिहिलंय. पान दोन."

मग बराच वेळ कागद चाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईंच्या वकिलाचा निरोप आहे. परिषदेत एक नियम आहे. प्रशिक्षण नाही पण दहा वर्षं प्रत्यक्ष शिकवलंय, अशांना बाहेरून पात्रता परीक्षेला बसता येतं. तिने एकवीस वर्षं शिकवलंय, पण तुमच्या नावाने. ती वर्षं तिची धरायची तर खऱ्या नावाच्या मालकिणीचं प्रतिज्ञापत्र लागतं: मी इतक्या काळात कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही, शिकवलं ते या बाईंनी."

"आणि मी नाही दिलं तर?"

"तर ती पुन्हा झाडू मारेल. तुम्ही पोलिसांच्या अर्जावर सही केलीत तर तेही नाही. निवड तुमची. कायद्याने तुम्हाला कोणी काही म्हणू शकत नाही."

अन्यायाविरुद्ध मी तीस वर्षं बोलते आहे. इतका निर्धोक अन्याय माझ्या हातात कोणी दिला नव्हता.

१८ जुलै

सुनावणी झाली. अकरा पानांचं भाषण लिहून नेलं होतं. अध्यक्षांनी तिला विचारलं, "आरोप मान्य आहेत?" ती म्हणाली, "हो. सगळे." संपलं. माझी अकरा पानं पिशवीतच राहिली. ज्याच्याशी भांडायचं तोच मान तुकवून उभा, म्हणजे हवेत लाथ मारल्यासारखं. आपलाच पाय लचकतो.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. नोंद तुम्हाला परत मिळेल, पण एकवीस वर्षांपूर्वी होती तशी. नूतनीकरणं सगळी रद्द, तेव्हा तुम्हालाही पात्रता परीक्षा द्यावी लागेल. आता सांगा, पोलिसांकडे पाठवण्याचा आग्रह आहे का? आणि यांच्या वर्षांबद्दल प्रतिज्ञापत्र देणार का?

ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिचे हात गप्प असले की ती मुकीच वाटते.

मी म्हणाले, "आग्रह नाही. प्रतिज्ञापत्र देते."

अध्यक्ष म्हणाले, हा मोठा मनाचा निर्णय आहे. सगळे तसंच बघत होते. वहीला खरं सांगते. मला तिच्यावर दया आली नाही. मला एकच दिसत होतं: ही आत गेली, तर शाळेतलं प्रत्येक पोर जन्मभर हनुवटीला बोट लावत राहणार आणि मी हरणार. तिने परीक्षेला बसावं. स्वतःच्या नावाने, माझ्या शेजारच्या बाकावर. मग बघू. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून कोणीही पुढे जाईल.

घरी सांगितलं. नवऱ्याने डावा डोळा झाकला, उजवा झाकला. "दोन्हींनी एकच दिसतंय," म्हणाला. काय दिसतंय ते सांगितलं नाही.

१९ जुलै

प्रतिज्ञापत्रावर सही केली. "मी या काळात कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही." एवढं छोटं, एवढं खरं वाक्य मी कुठल्या सभेत बोलले असेन असं वाटत नाही. सही कोंबडीचीच आली.

११ ऑगस्ट

अभ्यास. लेखीचं मला भय नाही. प्रात्यक्षिकाचं आहे. समोर एक मूल बसवतात, आपण हातांनी गोष्ट सांगायची, आणि मुलाने ती परीक्षकाला परत सांगायची. जेवढी परत येईल तेवढे गुण.

आरशासमोर सराव करते. नवरा म्हणाला, "माश्या फार झाल्यात का?" माझे हात व्यासपीठावरचे आहेत. मूठ उगारता येते, बोट रोखता येतं, टेबल आपटता येतं. मांजर येत नाही.

शाळेने तिची पितळी पाटी काढली म्हणे. मदतनीस म्हणून ठेवलं आहे. पुस्तकं पोचवायला गेलेल्या जुळाऱ्याला शिपायाने सांगितलं, मुलांना काही फरक कळलेला नाही.

२ सप्टेंबर

सासूबाईंवर सराव सुरू केला. उजेडात बसायचं, तोंड समोर, सावकाश. आज त्यांना छापखान्यातल्या संपाची पूर्ण हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अगंबाई, तू असं करतेस होय बाहेर? मला वाटायचं, नुसती भांडतेस." एकोणीस वर्षं आम्ही एका घरात आहोत. मग म्हणाल्या, "ती तुझी मैत्रीण याहून चांगलं करते हं." हे सांगायची गरज नव्हती.

२१ सप्टेंबर

परीक्षा झाली. माझ्या पुढ्यात सहा-सात वर्षांची मुलगी होती. मी न्यायाधीश आणि चोराची गोष्ट घेतली होती, मुलगी मध्येच जांभई देऊ लागली. गोष्ट परत सांगताना तिने न्यायाधीशाला गाळलं. पलीकडच्या खोलीतून एका मुलाचं हसू येत होतं. तिथे कोण आहे हे विचारण्याची गरज नव्हती.

९ ऑक्टोबर

आज निकाल. परिषदेच्या व्हरांड्यात फळ्यावर यादी लावली होती आणि खाली टेबलावर तीच यादी नोंदवहीत. ज्याने त्याने आपल्या नावासमोर, त्याच कारकुनाच्या देखत सही करायची. पहिल्या तिघांना संस्थेचं थेट बोलावणं आहे, हे यादीखालीच छापलं होतं.

मी एकोणिसावी. सदतीस जणांत.

पहिलं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. दोन अक्षरी, जुनं, खेड्यातल्या आजी नातीला ठेवतात तसलं. आडनावही अनोळखी. मग लक्षात आलं की चार महिने मी या बाईवर जळते आहे आणि हिचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नाही. मी सही केलेल्या प्रतिज्ञापत्रात होतं, परिषदेच्या आदेशातही होतं. मी वाचलंच नव्हतं. मी माझंच शोधत होते.

मी तिथेच खांबाआड उभी राहिले. ती आली. गर्दी होती. टाचा उंचावून तिने यादीवरून बोट फिरवत आणलं, पहिल्या नावावरून सरळ खाली, न थांबता, आणि माझ्या नावावर येऊन थांबलं. एकोणीस. तिचा चेहरा निवला. "झाले बाई पास," ती कोणाला तरी म्हणाली. टेबलाशी गेली, नोंदवही पुढे ओढली. मागून लोक ढकलत होते, कारकून म्हणत होता, "लवकर, बाई, सही करा." तिने पेन उचललं आणि एकोणिसाव्या ओळीवर ठेवलं. पहिलं अक्षर ताठ.

मी तीन पावलांवर होते. तिला आदेशात बजावलं होतं, हे नाव पुन्हा लिहिलं तर थेट पोलीस. मला काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. मी ते केलं. किती वेळ, सांगता येत नाही. तिचं अक्षर अर्ध्यावर आलं होतं एवढा वेळ.

मग मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. तिने वर पाहिलं, आणि खाली काय करत होती ते तिला दिसलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "ही माझी ओळ आहे. मीच सुरू केली होती, धक्का लागला."

तिचा हात वर नेला, अठरा ओळी ओलांडून, आणि पहिल्या नावाखाली तिचं बोट टेकवलं. ती ते नाव वाचत राहिली, ओठ हलवत, लहान मुलं वाचतात तशी. तिला ते लिहायला फार वेळ लागला. अक्षरं वाकडी आली, एक रेघेच्या बाहेर गेलं. तिची स्वतःची सही माझ्याहून वाईट आहे. हे पाहून मला बरं वाटलं, आणि मी अजिबात लाजले नाही.

मग मी माझ्या ओळीवर आले. पहिलं अक्षर तिचं होतं, ताठ. उरलेलं मी पूर्ण केलं.